पप्पी हवी, चावा नको!

पपी घरी आणायचं ठरतं तेव्हा प्रत्येकाच्या डोक्यात एकच पिक्चर असतं. रविवारची निवांत सकाळ, हातात कॉफीचा मग, मांडीवर कापसाचा गोळा आणि तो गोळा प्रेमाने आपली बोटं चाटतोय. कॅलेंडरवाले, बिस्किटवाले आणि आपले मित्रमैत्रिणी, सगळे हेच पिक्चर दाखवत असतात. पण बॉस, पुढचं कुणी सांगत नाही. तो कापसाचा गोळा बोटं चाटून थांबत नाही. बोटं चावतो. मनगट चावतो. ओढणीचं टोक, पायजम्याची नाडी, लॅपटॉपची वायर आणि तुमचा घोटा त्याच्या लेखी सारखेच चविष्ट असतात. दोन-तीन महिन्यांचं पिल्लू म्हणजे चार पायांवर धावणारं स्टेपलर! आणि मग ऑफिसात हातावरचे ओरखडे बघून शेजारच्या क्युबिकलमधली मैत्रीण हळूच विचारते, 'घरी सगळं ठीक आहे ना गं?'

आमच्याकडे हे स्टेपलर गेल्या वर्षी जूनमध्ये आलं. नाव ठेचा. अस्सल देशी, कर्वेनगरच्या पार्किंगमध्ये जन्मलेला. आईला गाडीने उडवलं, भावंडं एकेक करून गेली, उरला हा एकटा. वय जेमतेम सात आठवडे. घरात माणसं तीन : मी, नवरा आणि सासरे, म्हणजे आमचे आप्पा. आप्पा ७६ वर्षांचे. हृदयाच्या दुखण्यामुळे त्यांना रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू आहेत आणि हातावरची कातडी अगदी कागदासारखी झालीय. टेबलाचा कोपरा लागला तरी आठवडाभर काळानिळा डाग. मला जो चावा 'अगं बाई, किती क्यूट' वाटायचा, तोच आप्पांना लागला की नळाखाली हात धरणं, मग स्वच्छ कापडाने दाबून बसणं, आणि तरी रक्त लवकर थांबायचं नाही. पहिल्याच आठवड्यात हे दोनदा झालं. फॅमिली डॉक्टरांनी गोडीगुलाबीने पण स्पष्ट सांगितलं, पिल्लू शिकलं तर ठीक, नाहीतर त्याला दुसरं घर बघा. आप्पा म्हणाले, 'दुधाचे दात पडेपर्यंत मुदत देऊ त्याला.'

म्हणजे प्रोजेक्टची डेडलाईन ठरली. साधारण चार महिने.

तोंडात चाललंय तरी काय?

कुत्र्याच्या पिल्लाला दुधाचे दात २८ असतात. ते तिसऱ्या आठवड्यापासून यायला लागतात आणि पिल्लू दोन महिन्यांचं होईपर्यंत सगळे आलेले असतात. सुईसारखे बारीक आणि तितकेच टोकदार. चौथ्या महिन्याच्या आसपास पुढचे दात पडायला लागतात, मग सुळे, मग दाढा. सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ पक्के दात तयार. या काळात हिरड्या सुजतात, शिवशिवतात, कधी खेळण्यावर रक्ताचा ठिपका दिसतो. घाबरायचं कारण नाही. पडलेले दात बहुतेक वेळा पिल्लू गिळून टाकतं, त्यामुळे ते सापडलेच नाहीत तरी टेन्शन नॉट.

इथे एक गोष्ट मात्र नीट समजून घ्यायला हवी, कारण सगळा घोळ इथेच होतो. 'दात येतायत म्हणून चावतोय' हे अर्धंच खरं आहे. हिरड्या शिवशिवतात म्हणून पिल्लू वस्तू चघळतं : सोफ्याचा पाय, चप्पल, दाराची चौकट. माणसांना मात्र ते प्रामुख्याने खेळायला चावतं. पिल्लाला हात नाहीत. त्याला जग तोंडानेच चाचपायचं असतं आणि भावंडांशी कुस्तीही तोंडानेच खेळायची असते. त्यामुळे दुकानातून सहाशे रुपयांचं रबरी हाड आणलं की सोफा वाचेल, तुमचा घोटा वाचेलच असं नाही. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरंही वेगळी.

भावंडांची शाळा

घोट्याच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर निसर्गाने आधीच देऊन ठेवलंय. चार-पाच पिल्लं एकत्र खेळताना बघा कधी. एकाने दुसऱ्याचा कान जरा जास्त जोरात धरला की दुसरं केकाटतं आणि खेळ सोडून निघून जातं. पहिलं पिल्लू बावचळतं. मजा गेली! असं दिवसातून पन्नास वेळा झालं की त्याला कळतं, जोर लावला की खेळ बंद. आईही हाच धडा देते. दात आहेत, पण ते किती दाबायचे याचं भान इथे येतं. म्हणूनच पिल्लू फार लवकर आईपासून तोडू नये असं म्हणतात. आपल्याकडे २०१७च्या डॉग ब्रीडिंग अँड मार्केटिंग रूल्सप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला बंदीच आहे. कुणी ब्रीडर 'पाच आठवड्यांचंच घ्या मॅडम, लवकर लळा लागतो' म्हणाला, तर त्याला नमस्कार करून निघा.

आमच्या ठेच्याची शाळा अर्ध्यातच सुटली होती. आई नाही, भावंडं नाहीत. म्हणजे भावंडांचं काम आमच्या गळ्यात.

या विषयात इयान डनबार या व्हेटचं नाव सारखं समोर येतं. मूळचे ब्रिटिश, काम कॅलिफोर्नियात. १९८२मध्ये त्यांनी पिल्लांचे खास क्लासेस सुरू केले आणि 'आधी कुत्रा मोठा होऊ दे, मग शिकवू' ही जुनी पद्धत मोडीत काढली. त्यांचा फंडा ऐकायला उलटा वाटतो. चावणं एका दमात बंद करू नका. आधी चाव्याचा जोर कमी करा, मग चावण्याची संख्या. कारण? कुत्रा कितीही गुणी असला तरी आयुष्यात एखादा प्रसंग येतोच. शेपटी दारात सापडते, पायात काच घुसते, झोपेत कुणी अंगावर पाय देतं. त्या क्षणी तो विचार करत नाही, तोंड मारतो. ज्याला लहानपणी तोंडाचं भान आलंय त्याचे दात नुसते टेकतात. ज्याला आलेलं नाही, तो फाडतो. आणि हे शिकायची खिडकी साधारण साडेचार महिन्यांपर्यंत चांगली उघडी असते. पक्के दात आणि जबड्यात ताकद आली की धडा तोच, पण फी फार मोठी!

मला हा फंडा एकदम पटला. काही ट्रेनर म्हणतात, पहिल्या दिवसापासून कातडीला दात लागताच कामा नये. त्यातही चूक काही नाही. पण घरात धडधाकट माणसं असतील तर जोर कमी करण्याची पायरी गाळू नये असं माझं मत.

आम्ही काय केलं?

मी आणि नवरा 'भावंडं' झालो. रोज चार-पाच वेळा, पाच-पाच मिनिटांचा खेळ. हलकं तोंड लागलं तर दुर्लक्ष. जोरात लागलं की 'आई गं!' आणि खेळ बंद. आता यात एक मेख आहे. काही पिल्लं तुमच्या ओरडण्याने दचकून थांबतात. काहींना वाटतं, अरे वा, खेळणं वाजलं! ठेचा दुसऱ्या पार्टीचा. त्यामुळे आवाज बंद, नुसता निषेध. हात झटक्यात मागे घ्यायचा नाही, कारण पळणारी वस्तू पकडायची हा त्याच्या रक्तातला गुण. हात सैल सोडायचा, उठायचं, बेडरूमच्या दारात लावलेलं लहान मुलांचं फाटक ओलांडून पलीकडे जायचं. तोंडातून शब्द नाही. वीस-तीस सेकंदांनी परत यायचं आणि काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा खेळायचं. पाच मिनिटं कोंडून ठेवण्यात अर्थ नाही. तोपर्यंत आपण का कोंडलोय हेच तो विसरलेला असतो.

पहिले दहा दिवस मी ते फाटक इतक्या वेळा ओलांडलं की जिमची फी वसूल झाली. फरक दिसायला तीन आठवडे लागले. आधी सर्वांत जोरातले चावे गेले, मग मधले. मग आम्ही पट्टी वर सरकवली : आता मध्यम चाव्यालाही खेळ बंद. मग हलक्यालाही.

आणि हो, सोबतीला अदलाबदल. त्याचं तोंड हाताकडे वळलं की हात जाण्याआधी दोरीचं खेळणं पुढे. त्याने ते धरलं की 'शाब्बास'. घराच्या प्रत्येक कोपऱ्यात एक खेळणं पडलेलं असायचं. नवऱ्याला हाताने कुस्ती खेळायची भारी हौस, तिला लगाम घातला. एक जण हाताने खेळवणार आणि दुसरा हाताला तोंड लावलं म्हणून रागावणार, तर पिल्लाने शिकायचं काय?

आप्पांचं खातं मात्र वेगळं ठेवलं. त्यांच्यासाठी 'हलका चावा चालेल' हा प्रकारच नाही. ठेचा त्यांच्यासमोर असेल तेव्हा कायम पट्ट्याने खिडकीच्या गजाला बांधलेला आणि आप्पांची खुर्ची त्या पट्ट्याच्या टप्प्यापासून वीतभर लांब. तो चारही पाय टेकून शांत बसला की आप्पा हात पुढे करून त्याला खाऊ देणार, तोही तळहात सपाट ठेवून. दात दिसले की खुर्ची मागे. रिटायर्ड शाळामास्तर माणूस तो, ही शिस्त त्यांना इतकी आवडली की दुपारी आम्ही ऑफिसात असताना त्यांनी वहीत हजेरी मांडायला सुरुवात केली. 'आज ११ वेळा खुर्ची मागे.' दुसऱ्या दिवशी ९. एकदा १७! त्या दिवशी पाऊस धो-धो होता, ठेच्याची दुपारची झोप झाली नव्हती.

त्या वहीमुळेच एक गोष्ट आमच्या लक्षात आली. चाव्यांची गर्दी संध्याकाळी सात ते नऊ या वेळात. म्हणजे नेमकी आपण हिंजवडीचं ट्रॅफिक खाऊन घरी येतो ती वेळ! आपल्याला वाटतं, बिचारा दिवसभर कंटाळलाय, मस्त दमवू या. पण या वयाची पिल्लं दिवसाचे अठरा-वीस तास झोपतात. संध्याकाळपर्यंत ती दमून कुरकुरी झालेली असतात, लग्नाच्या रिसेप्शनला रात्री अकरापर्यंत जागवलेल्या मुलासारखी. अशा वेळी जास्त खेळवलं की चावे वाढतात. आम्ही आल्या आल्या दहा मिनिटं शांतपणे खाऊ शोधायला लावायचो, जुन्या टॉवेलच्या घडीत दाणे लपवून. मग चघळायला काहीतरी देऊन अंधाऱ्या खोलीत झोप. नऊला उठायचा तो माणसात आलेला.

चघळायला काय द्यायचं? आमच्याकडचा हिट आयटम म्हणजे ओला नॅपकिन पिळून, पीळ देऊन फ्रीझरमध्ये घट्ट केलेला. सुजलेल्या हिरड्यांना गार वाटतं. अख्खं मोठं गाजर गार करून दिलं तरी चालतं, आणि आतून पोकळ रबरी खेळण्यात थोडा दहीभात भरून गोठवला की अर्ध्या तासाची निश्चिंती. हे सगळं डोळ्यांसमोर बरं का, नॅपकिनच्या चिंध्या गिळल्या तर थेट ऑपरेशन. शिजवलेली हाडं नकोत, ती फुटून घशात-आतड्यात रुततात. बर्फाचे खडे आणि दगडासारखी कडक हाडं दातच तोडतात. द्राक्षं, मनुका, चॉकलेट आणि कांदा कुत्र्याला विषारी. आणि जुनी चप्पल चघळायला देऊ नका. जुनी बाटा आणि नवी कोल्हापुरी यातला फरक त्याला कळत नाही. (आमच्या कोल्हापुरीच्या आत्म्यास शांती लाभो.)

फुकट सल्लागार मंडळ

पपी आणला की सोसायटीत सल्ल्यांचा पाऊस पडतो. नाकावर टिचकी मारा. पेपरची सुरळी हाणा. जबडा आवळून धरा. उलटा पाडून छातीवर हात दाबा, म्हणजे 'बॉस कोण' ते कळेल. या शेवटच्या सल्ल्याला मोठी हिस्टरी आहे. १९४७मध्ये रुडॉल्फ शेंकेल यांनी पिंजऱ्यातल्या लांडग्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकमेकांना अनोळखी लांडगे एकत्र कोंडलेले, त्यामुळे मारामाऱ्या भरपूर. त्यावरून 'अल्फा' लांडग्याची कल्पना निघाली आणि डेव्हिड मेक यांच्या १९७०च्या पुस्तकातून ती जगभर गेली. पण पुढे याच मेक यांनी जंगलातल्या मोकळ्या कळपांचा अनेक वर्षं अभ्यास केला आणि १९९९मध्ये लिहिलं की कळप म्हणजे साधं कुटुंब असतं. आई-बाप आणि त्यांची पोरं. सत्तेची लढाई वगैरे काही नाही. अमेरिकेतल्या व्हेटरिनरी बिहेवियर तज्ज्ञांच्या संघटनेनेही २००८मध्ये या दादागिरीच्या ट्रेनिंगविरुद्ध भूमिका घेतली.

माझं म्हणणं साधं आहे. टिचकी मारली तर पिल्लू काय शिकतं? हात जवळ आला की दुखतं. उद्या सोसायटीतली चिमुरडी त्याला कुरवाळायला हात पुढे करेल तेव्हा त्याला हेच आठवणार. आणि गुरगुरल्याबद्दल मार खाल्लेला कुत्रा गुरगुरणं सोडतो, चावणं सोडत नाही. म्हणजे आगाऊ सूचना बंद!

चिमुरड्यांचा प्रश्न मात्र खरा. मुलं किंचाळतात, पळतात, हात वर करून उड्या मारतात. पिल्लाला याहून मोठं आमंत्रण नाही. आम्ही बिल्डिंगमधल्या पोरांना त्यांचाच खेळ दिला : स्टॅच्यू! ठेचा अंगावर आला की स्टॅच्यू. हात छातीशी, नजर आभाळात, तोंड बंद. तो चार पायांवर आला की ओव्हर. पोरं इतकी तरबेज झाली की ठेच्याला त्यांचा कंटाळा यायला लागला. झक्कास!

आमच्या कामवाल्या मावशींनी ना खेळ मानला, ना थिअरी. 'ताई, हा पाय धरतो, मी फरशी पुसणार नाही.' त्यांचंही बरोबरच आहे. हलणारा झाडू, ओलं फडकं आणि वर साडीचा काठ, एवढा मोह कुठल्या पिल्लाने आवरावा? त्या येतात तो तास ठेचा बेडरूममध्ये, दहीभाताच्या खेळण्यासह. कुत्रा आपण पाळलाय, मावशींनी नाही.

इथे मस्करी बंद

'पिल्लूच तर आहे, त्याच्या चाव्याने काय होतंय' हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. ते धोकादायक आहे. रेबीज पिल्लांनाही होतो आणि पिल्लांकडूनही होतो. पिल्लाला रेबीजची पहिली लस साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर मिळते, म्हणजे चाव्यांचा पहिला मोसम लसीच्या आधीच येतो. दात लागून ओरखडा आला, रक्त आलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, अगदी घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. आणि त्याच दिवशी डॉक्टर. ठेच्याची आई रस्त्यावरची, तिच्या लसीचा पत्ता नाही. त्यामुळे आम्ही तिघांनीही इंजेक्शनचा पूर्ण कोर्स केला : पहिला दिवस शून्य धरून मग ३, ७, १४ आणि २८. आप्पांनी त्याचीही नोंद वहीत ठेवली, कुत्र्याच्या हजेरीशेजारीच. जखम खोल असेल तर लसीसोबत आणखी एक औषध लागतं, ते डॉक्टर ठरवतात. आपण गूगल करत बसायचं नाही.

आणखी एक. खेळातला चावा आणि गंभीर चावा यात फरक असतो. खेळणारं पिल्लू सैल असतं, बागडतं, पार्श्वभाग वर करून वाकतं. पण जेवणाच्या भांड्याजवळ गेल्यावर ते जागच्या जागी ताठ झालं, नजर रोखून गुरगुरलं, तर तो दातांचा किंवा मस्तीचा मामला नाही. तिथे ट्रेनर किंवा व्हेट गाठा, तेही लगेच.

गणपतीत ठेचा साडेचार महिन्यांचा होता. दीड दिवसात घरात चाळीसेक माणसं, नऊवारीचे काठ, झब्बे, रांगती पोरं. बहुतेक वेळ तो फाटकाआड होता. संध्याकाळी थोडा वेळ पट्ट्याने बाहेर आणला तेव्हा नणंदेच्या धाकट्याने कुणाचं लक्ष जायच्या आत त्याच्या तोंडात अख्खी मूठ घातली. ठेच्याने तोंड मिटलं, दात टेकले आणि सोडून दिलं. आम्ही मूठ धुतली, उजेडात उलटसुलट बघितली. ओरखडासुद्धा नव्हता.

ऑक्टोबरात आप्पांना आपल्या सपातेत एक सुळा सापडला, तांदळाच्या दाण्याहून जरा मोठा. वहीच्या शेवटच्या पानावर त्यांनी तो सेलोटेपने चिकटवला. मुदतीचा विषय काही त्यांनी काढला नाही, आम्हीही काढला नाही. डाव्या बाजूचा वरचा दुधाचा सुळा मात्र पडलाच नाही, शेजारून पक्का आला तरी हा आपला तिथेच. असं झालं तर दात वाकडे येतात आणि मध्ये घाण साठते, म्हणून व्हेटने नसबंदीच्या वेळी भूल दिलेली असतानाच तो काढून टाकला. तोही वहीत आहे.

सध्या प्रॉब्लेम भुंकण्याचा आहे. दाराची बेल वाजली की कुरिअरवाल्याचं काही खरं नाही. पण त्यावर पुन्हा कधीतरी.